श्वसनयंत्रांची गणती आणि श्वासांचा हिशेब

जिल्हा रुग्णालयाला नवी श्वसनयंत्रे मिळाली की त्यांचे लोकार्पण होते. पालकमंत्री येतात, फीत कापली जाते आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत आकडा झळकतो: इतकी यंत्रे, इतके कोटी. हा आकडा बहुधा खोटा नसतो. तो अपुरा असतो. आणि अपुऱ्या सत्याचा उपयोग राज्यकर्ते कशासाठी करतात, हे समाजवादी चळवळीला नव्याने सांगावयास नको. यंत्र विकत घेणे ही एका दिवसाची घटना आहे, तर यंत्र चालविणे ही दिवसाच्या चोवीस तासांची जबाबदारी आहे. पहिल्या गोष्टीत कंत्राट असते, छायाचित्र असते, श्रेय असते. दुसऱ्या गोष्टीत वेतन असते. आणि सार्वजनिक सेवेत माणसांना कायमचे वेतन देणे हेच आजच्या अर्थनीतीला सर्वांत जड जाते.

या अर्थनीतीची किंमत कोण मोजतो हे पाहावयाचे असेल तर अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या रक्तातील कार्बन डायऑक्साइडकडे पाहावे. विषय केवळ डॉक्टरांचा वाटेल. पण 'बाळाला काचेत ठेवले आहे' हे वाक्य ज्या घरांनी ऐकले आहे, त्या घरांपैकी बहुतेक घरे शेतमजुरांची, ऊसतोड कामगारांची, आदिवासींची आणि शहरातल्या झोपडपट्टीतली आहेत. अशक्त माता, पोटुशीपणातही न चुकलेले कष्ट आणि वेळेवर न झालेल्या तपासण्या ही अकाली प्रसूतीची परिचित कारणे आहेत. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मली. त्यांपैकी सुमारे ३० लाख, म्हणजे पाचांत एकाहून अधिक, भारतात जन्मली. दुसऱ्या कोणत्याही देशात इतकी जन्मली नाहीत. तेव्हा हा विषय राजकारणाचाच आहे.

एक चमचा हवा

वस्तुस्थिती प्रथम समजून घेतली पाहिजे. गर्भाच्या फुप्फुसातील सूक्ष्म वायुकोश उघडे राहावेत म्हणून त्यांच्या आतून एक स्निग्ध द्रव्य पसरते, त्याला सरफॅक्टंट म्हणतात. ते गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत पुरेसे तयार होते. त्याआधीच बाळ जन्मले तर प्रत्येक उच्छ्वासाबरोबर वायुकोश मिटतात आणि पुढचा श्वास घेण्यासाठी बाळाला पहिल्याइतकेच बळ लावावे लागते. काही तासांत ते थकते. मग नळी घालून श्वसनयंत्राने श्वास द्यावा लागतो.

हा श्वास किती मोठा असावा? बाळाच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे चार ते सहा मिलिलिटर. एक किलोच्या बाळाला एका श्वासात साधारण एक चहाचा चमचा हवा पुरते. हवा कमी गेली तर शरीरात तयार होणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही आणि रक्तात साठतो. जास्त गेली तर तो गरजेपेक्षा अधिक धुतला जातो. अनेकांना वाटते की हा नुसता टाकाऊ वायू आहे, जितका निघेल तितका बरा. तसे नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्या या वायूच्या प्रमाणानुसार आकुंचन-प्रसरण पावतात. प्रमाण फार घसरले की त्या आवळल्या जातात, मेंदूच्या आतील शुभ्र भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो भाग कायमचा मरू शकतो. असे बाळ जगते, घरी जाते. आणि दीड-दोन वर्षांनी आईच्या लक्षात येते की त्याचे पाय ताठ आहेत, ते उभे राहत नाही. उलट प्रमाण फार वाढले की वाहिन्या फुगतात, रक्ताचा लोंढा मेंदूकडे जातो आणि पहिल्या तीन दिवसांत अत्यंत नाजूक असलेल्या केशवाहिन्या फुटून मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

निरोगी माणसाच्या धमनीतील रक्तात या वायूचा दाब पाऱ्याच्या ३५ ते ४५ मिलिमीटरइतका असतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या बाबतीत तो ४५ ते ५५ पर्यंत राहू द्यावा, म्हणजे कोवळ्या फुप्फुसांवर यंत्राचा मार कमी बसेल, असा विचार गेल्या तीन-चार दशकांत रुजला. १९८७ साली अमेरिकेतील आठ रुग्णालयांची तुलना प्रसिद्ध झाली. तीत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या रुग्णालयातील बाळांना फुप्फुसाचा दीर्घ आजार सर्वांत कमी झाल्याचे दिसले. तेथे डॉ. जेन-टिएन वुंग यांच्या मार्गदर्शनाखाली श्वसनयंत्र शक्य तितके टाळले जाई आणि कार्बन डायऑक्साइड थोडा वाढला तरी घाई केली जात नसे. पण 'थोडा अधिक चालतो' म्हणजे 'कितीही चालतो' नव्हे. जर्मनीत याहून वरच्या मर्यादेची चाचणी झाली. २०१५ साली तिचे निष्कर्ष आले, तेव्हा वाढीव मर्यादेचा काहीही फायदा दिसला नाही. वाट अरुंद आहे, दोन्ही बाजूंना दरी आहे.

आता मर्माचा मुद्दा. या वाटेवर बाळ कोठे आहे हे डोळ्यांना दिसत नाही. बोटाला किंवा पायाला लावलेले ऑक्सिमीटर रक्तातला प्राणवायू दाखविते. कार्बन डायऑक्साइड दाखवीत नाही. पडद्यावर प्राणवायूचा आकडा उत्तम असताना आत कार्बन डायऑक्साइड २५ वर घसरलेला असू शकतो. सरफॅक्टंटचे औषध दिल्यावर तर मिटलेली फुप्फुसे थोड्या वेळात सैल होतात; यंत्राचा दाब तोच ठेवला तर त्याच दाबात कितीतरी जास्त हवा आत जाते. तेव्हा कोणीतरी शेजारी उभे राहून दाब उतरवावा लागतो आणि रक्ताचे काही थेंब घेऊन वायुतपासणी करावी लागते. ही तपासणी काही मिनिटांत होते. पण त्यासाठी तपासणीचे यंत्र चालू हवे, त्यातली कार्ट्रिज किंवा रसायने शिल्लक हवीत, ती मुदतीतली हवीत, आणि रात्री तीन वाजता अहवाल वाचून निर्णय घेणारा माणूस हवा. दिलेली हवा मोजून तेवढीच देणारी नवी श्वसनयंत्रे आली आहेत आणि त्यांनी हा धोका कमी होतो, हे सिद्ध झाले आहे. तरीही यंत्रावर नजर ठेवणारे माणूस लागतेच. श्वसनयंत्र आहे आणि वायुतपासणी नाही, याचा अर्थ गाडी आहे आणि गाडीवान आंधळा आहे.

अपघात की हिशेब?

श्वसनयंत्रांच्या आकड्यावर समाधान मानणाऱ्यांनी औरंगाबाद खंडपीठापुढचे प्रकरण आठवावे. केंद्र सरकारकडून मिळालेल्या १५० यंत्रांपैकी वापरास काढलेली ११३ सदोष निघाली, असा अहवाल मे २०२१ मध्ये न्यायालयापुढे आला. ती मोठ्या माणसांसाठी होती, पण धडा तोच आहे. केंद्र सरकारने दोष यंत्रांचा नसून ती नीट हाताळली न गेल्याचा आहे, अशी भूमिका घेतली. क्षणभर ती खरी मानू. मग प्रश्न असा की, हाताळणारी प्रशिक्षित माणसे नाहीत हे ठाऊक असताना यंत्रे पाठविली कशी? आणि ती खोटी मानली, तर सदोष यंत्रे खरेदी झाली कशी? दोन्ही उत्तरे एकाच जागी येऊन थांबतात: खरेदीला मालक होता, सेवेला मालक नव्हता.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून दहा बाळे गेली. चौकशी झाली, जिल्हा शल्यचिकित्सकांसह काहींचे निलंबन झाले आणि कंत्राटी परिचारिकांची सेवा समाप्त करण्यात आली. ज्यांना राज्याने कधी कायम केले नाही, त्यांच्यावर मात्र जबाबदारी कायमची टाकली गेली! ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ या दोन दिवसांत नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यांत बारा नवजात बाळे होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ऑगस्ट २०१७ मध्ये गोरखपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात पुरवठादाराची बिले थकलेली असताना प्राणवायूचा पुरवठा खंडित झाला आणि त्याच दिवसांत तेथे अनेक मुले दगावली. नोव्हेंबर २०२४ मध्ये झाशीच्या नवजात कक्षात पुन्हा आग, पुन्हा बाळांचे मृत्यू.

यांतील प्रत्येक घटनेला राज्यकर्त्यांनी 'दुर्दैवी' म्हटले. दैवाला यात ओढण्याचे कारण नाही. राज्यातील औषधे व उपकरणांची खरेदी २०१७ साली हाफकिन महामंडळाकडे दिली गेली आणि २०२३ साली कायदा करून ती नव्या प्राधिकरणाकडे नेण्यात आली. मध्यंतरीच्या वर्षांत कोठल्या रुग्णालयाने कोठली वस्तू कोणाकडे मागावयाची, हाच वाद होऊन बसला. अशा वादात श्वसनयंत्रासारखी मोठी वस्तू हरवत नाही, तिच्यासाठी पाठपुरावा करणारे पुष्कळ असतात. हरवते ती कार्ट्रिज, नळी, योग्य मापाचा मुखवटा, प्राणवायूत हवा मिसळण्याचे साधन. आणि बाळाचा जीव नेमका त्यांवर टांगलेला असतो.

देशातील सरकारांचा आरोग्यावरील एकत्रित खर्च २०२१-२२ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने तो २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. त्याच वर्षी एकूण आरोग्यखर्चातील ३९.४ टक्के वाटा लोकांनी स्वतःच्या खिशातून भरला. हे प्रमाण पूर्वीपेक्षा उतरले आहे असे सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण ज्याच्या खिशात काही नाही त्याच्या दृष्टीने शंभरातले एकोणचाळीस म्हणजे गहाण पडलेले मंगळसूत्र असते.

बाजाराचे उत्तर

यावर एक ठरलेले उत्तर मिळते: सरकारला जमत नाही, खाजगी क्षेत्राला द्या, गरिबाचा विमा सरकारने भरावा. खाजगी नवजात कक्षांत निष्णात आणि प्रामाणिक डॉक्टर आहेत, याविषयी वाद नाही. वाद व्यवस्थेशी आहे. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ साली दाखवून दिले की वैद्यकीय सेवा ही बाजारातील इतर वस्तूंसारखी नसते, कारण घेणाऱ्याला तिची गरज आणि गुणवत्ता यांची पारख करता येत नाही. श्वसनयंत्रावरील बाळाच्या बापाइतके याचे दुसरे उदाहरण सापडणार नाही. यंत्र आणखी दोन दिवस ठेवावे की आज काढावे, हे तो कसे ठरविणार? आणि बिल जर दिवसावर असेल, तर यंत्र लवकर काढण्याने उत्पन्न घटते. शास्त्र सांगते की यंत्र लवकर काढावे. हिशेबाची वही त्याच्या उलट सांगते. प्रत्येक डॉक्टर वहीचे ऐकतो असे नाही. पण बाळाचे हित डॉक्टरच्या सद्सद्विवेकावर सोडून वहीला मोकळे ठेवणारी व्यवस्था कोणीही शहाणी म्हणणार नाही.

विमा योजनेनेही हे बदलत नाही. विमा झालेल्या उपचाराचे पैसे देतो, तयारीचे नाही. मेळघाटात रिकाम्या खाटेशेजारी रात्रभर जागी राहणारी परिचारिका कोणत्याच पॅकेजात बसत नाही. म्हणून विम्याचा पैसा जेथे रुग्णालये आधीच आहेत त्या शहरांकडे वाहतो. धारणीच्या बाळाला अमरावती गाठण्यासाठी सुमारे दीडशे किलोमीटर घाटवाट ओलांडावी लागते. वाटेत रुग्णवाहिकेत कोणीतरी हाताने फुगा दाबून श्वास देत असते. थकलेला, घाबरलेला हात जोरात आणि भराभर दाबतो. एक चमचा हवेच्या जागी दोन-तीन चमचे जातात आणि कार्बन डायऑक्साइड किती घसरला हे मोजण्याचे तेथे काहीच साधन नसते. वेल्समधील खाणकामगारांचे डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली मांडलेला नियम आजही तंतोतंत लागू आहे: जेथे गरज जास्त तेथे चांगली सेवा कमी, आणि बाजाराला जितकी मोकळीक तितका हा उलटा न्याय अधिक तीव्र.

चळवळीतील एक गैरसमज

परंतु टीका एकाच बाजूवर करून भागणार नाही. चळवळीतही एक मतप्रवाह आहे: श्वसनयंत्रे ही श्रीमंत देशांची चैन आहे, गरीब देशाने पोषण, शुद्ध पाणी आणि आशा कार्यकर्ती यांवरच भर द्यावा. या मताला मोठा आधार आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला, १९९९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटल्याचे जगाने पाहिले. २०२० च्या नमुना नोंदणीनुसार देशात हजार जन्मांमागे २० नवजात मृत्यू होत असताना महाराष्ट्रात ते ११ होते, यात गावोगावच्या आशांचा आणि परिचारिकांचा वाटा मोठा आहे.

तथापि गावातील काळजीने जे वाचू शकत नाही असे एक किलोचे बाळ उरतेच. त्याला 'चैन' म्हणून नाकारणे हा समाजवाद नव्हे. ती टंचाईची वाटणी झाली. १९६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि ३९ तासांत फुप्फुसाच्या याच आजाराने गेला. जगातील सर्वांत बलाढ्य माणसाची सत्ता आणि संपत्ती त्याला वाचवू शकली नाही, कारण ज्ञानच अपुरे होते. सरफॅक्टंटच्या अभावाचा शोध १९५९ साली डॉ. मेरी एलन एव्हरी यांनी लावला होता, पण उपचार हाती नव्हता. नाकातून हलका दाब देऊन बाळाचा स्वतःचा श्वास टिकविण्याची पद्धत १९७१ साली, आईला प्रसूतीपूर्वी स्टेरॉइड देऊन बाळाची फुप्फुसे पक्व करण्याची पद्धत १९७२ साली आणि सरफॅक्टंटचे औषध १९८० साली पुढे आले. आज त्या दिवसांचे बाळ बहुधा वाचते. जे ज्ञान तेव्हा राष्ट्राध्यक्षाच्या मुलालाही उपलब्ध नव्हते, ते आज मजुराच्या मुलाला उपलब्ध करून देता येते. येत नसेल तर त्याचे कारण आता विज्ञान नाही, वाटप आहे.

शिवाय या ज्ञानाचा मोठा भाग स्वस्त आहे. स्टेरॉइडचे इंजेक्शन काही रुपयांचे. नाकातून दाब देण्याच्या साध्या पद्धतीत नळीचे दुसरे टोक पाण्यात काही सेंटिमीटर बुडवावयाचे असते. बाळ स्वतः श्वास घेत राहते आणि त्यामुळे आपला कार्बन डायऑक्साइड बऱ्याच अंशी स्वतःच सांभाळते. कॅफीन दिलेली बाळे यंत्रावरून लवकर उतरतात, हे २००६ सालच्या मोठ्या चाचणीने दाखविले. आईच्या उघड्या छातीशी बाळ ठेवण्याची पद्धत १९७८ च्या सुमारास कोलंबियातील बोगोटा येथे पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून सुरू झाली. २०२१ साली भारतासह पाच देशांतील चाचणीत जन्मानंतर लगेच ती सुरू केल्यास मृत्यू २५ टक्क्यांनी कमी होतात असे सिद्ध झाले.

पण स्वस्त म्हणजे बिनकष्टाचे नव्हे. नागपूर आणि बेळगाव परिसराचा समावेश असलेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गावपातळीवर स्टेरॉइडचा प्रसार केला गेला. गर्भाचे दिवस नीट न मोजता आणि पुढची रुग्णालयीन काळजी हमखास नसताना फायदा तर झाला नाहीच, एकंदर मृत्यू किंचित वाढले. तेच औषध नीट दिवस मोजून, सज्ज रुग्णालयांत दिले तेव्हा, भारतासह पाच देशांतील २०२० च्या चाचणीत, मृत्यू घटले. शुद्ध प्राणवायू बेहिशेबी दिला तर बाळे आंधळी होतात, हे १९५० च्या दशकात पाश्चात्त्य देशांनी हजारो मुलांचे डोळे गमावून शिकले. यंत्र असो, औषध असो वा नुसती पाण्यातली नळी असो, मोजणारे माणूस नसेल तर उपकाराचा अपकार होतो.

मागणी कोणती?

म्हणून 'आमच्या जिल्ह्याला आणखी श्वसनयंत्रे द्या' ही मागणी पक्षाच्या कार्यकर्त्यांनी आता पुरेशी मानू नये. ती मंत्र्यांच्या सोयीची आहे. २०११ च्या सरकारी मार्गदर्शक सूत्रांनुसार जिल्ह्याच्या नवजात कक्षात श्वसनयंत्र आणि मोठ्या शस्त्रक्रिया यांव्यतिरिक्तचे सर्व उपचार अपेक्षित होते. तेव्हा आधी हे पाहावे की ते 'व्यतिरिक्तचे सर्व' खरोखर मिळते काय, आणि जेथे यंत्र आले आहे तेथे त्याच्यासोबत माणूस आला आहे काय.

माहिती अधिकाराचा २००५ सालचा कायदा हाती आहे. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात विचारावे: नवजात कक्षात रात्रपाळीला किती परिचारिका असतात, त्यांच्यापुढे किती बाळे असतात आणि त्यांतल्या किती परिचारिका कायम आहेत? रक्तातील वायुतपासणीचे यंत्र आहे काय, गेल्या वर्षात ते किती दिवस बंद होते आणि किती दिवस कार्ट्रिज नव्हत्या? चौतीस आठवड्यांआधी प्रसूत झालेल्या किती मातांना स्टेरॉइड मिळाले? मातेला बाळाजवळ राहण्यासाठी खाट आहे काय? घरी गेलेल्या बाळांचे डोळे, कान आणि चालणे यांची तपासणी कोण करते? आणि औषध किंवा तपासणी बाहेरून आणावयास किती कुटुंबांना सांगण्यात आले? जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने जून २०११ पासून सरकारी रुग्णालयात नवजात बाळाचा औषधोपचार, तपासण्या व वाहतूक मोफत केली आहे. बाहेरची एक चिठ्ठी म्हणजे त्या हक्काचा एक भंग आहे.

या प्रश्नांची उत्तरे गोळा झाली म्हणजे मागणी आपोआप स्पष्ट होईल. कंत्राटी परिचारिकांना कायम करा. प्रत्येक यंत्राच्या खरेदीबरोबर ते चालविणाऱ्या माणसांचे, देखभालीचे आणि तपासणी-साहित्याचे पाच वर्षांचे पैसे बांधून टाका, अन्यथा खरेदीच करू नका. आदिवासी तालुक्यांतून बाळे हलविण्यासाठी प्रशिक्षित माणसांसह स्वतंत्र रुग्णवाहिका द्या. परिचारिकांच्या संघटना, आशांच्या संघटना आणि अशा बाळांचे पालक यांना या लढ्यात एकत्र आणणे हे पक्षाचे काम आहे. त्यांचे हित एकच आहे, हे त्यांना अजून कोणी सांगितलेले नाही.

१९४६ साली भोर समितीने म्हटले होते की पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांवाचून राहता कामा नये. त्या अहवालाला आठ दशके होत आली. एका किलोच्या बाळाला एका श्वासाला एक चमचा हवा लागते आणि ती मोजण्यासाठी एक जागे माणूस लागते. हवा फुकट आहे. माणसाचे वेतन द्यावयाचे की नाही, एवढाच प्रश्न सरकारपुढे आहे, आणि त्याचे उत्तर पुढच्या लोकार्पणाच्या दिवशी, फीत कापण्याआधी, मांडवातच मागितले पाहिजे.